जुन्या बीएमएक्सचे भाग : मूळ मुलामा राखावा की नव्याने चढवावा?

प्रश्न : वीस_इंची

नमस्कार. एका जुन्या बीएमएक्सचे, म्हणजे मातीतल्या शर्यतींसाठीच्या छोट्या सायकलीचे, भाग माझ्याकडे हळूहळू जमा झाले आहेत आणि ती जोडायला घेण्यापूर्वी प्रत्येक भागाच्या पृष्ठभागाचे काय करावे, या प्रश्नापाशी मी अडलो आहे. सायकल १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची असावी, असा माझा अंदाज आहे. शिमानो कंपनीच्या तीन तुकड्यांच्या क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्याच्या टोकाला बसते त्या भागाच्या, आतल्या बाजूस ‘एच सी’ अशी दोन अक्षरे ठोकलेली आहेत. त्या काळच्या शिमानोच्या संकेतात पहिले अक्षर वर्षाचे आणि दुसरे महिन्याचे असे, व ‘ए’ म्हणजे १९७६ धरले जाई. त्या हिशेबाने हा क्रँक मार्च १९८३ चा ठरतो. तो नंतर कोणी बदलून बसवलेला असू शकतो, हे मी जाणतो.

फ्रेम क्रोमोली या मिश्रपोलादाची आहे, पण पूर्वीच्या कोणा मालकाने तिच्यावर ब्रशने जाड काळा रंग फासला आहे. बॉटम ब्रॅकेटजवळ (क्रँकचा आस बसतो तिथे) रंगाचा एक टवका उडाला आहे आणि त्याखाली किंचित पिवळसर झाक असलेला चकचकीत धातू दिसतो. फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा चिमटा, क्रोम केलेला असून त्यावर गंजाचे बारीक ठिपके आहेत. हँडल धरणारे स्टेम अॅल्युमिनियमचे, मूळचे निळे, पण उन्हाने त्याचा रंग राखाडी-जांभळ्याकडे झुकला आहे. चाकांच्या रिमा अराया सेव्हन-एक्स, कधी काळी लाल असलेल्या आणि आता फिकट गुलाबी झालेल्या, त्यातही ब्रेकचे गुटके घासून घासून दोन्ही कडांना चंदेरी पट्टा उमटला आहे. याशिवाय पांढऱ्या स्कायवे टफ व्हील्सचा (तारांऐवजी जाड आऱ्यांच्या प्लास्टिकच्या चाकांचा) एक जोड आहे, तो आता साईच्या रंगाचा झाला आहे.

एका परिचितांचा सल्ला असा की, सगळे भाग मुळापर्यंत साफ करून फ्रेमला पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला पुडीचा रंग), फोर्कला नवे क्रोम आणि स्टेम व रिमांना नवे अॅनोडायझिंग (अॅल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने तयार केलेला रंगीत थर) करून घ्यावे, म्हणजे सायकल नव्यासारखी दिसेल. माझे मन मात्र तयार होत नाही. मी ती कधीमधी चालवणार आहे, शर्यतीत उतरवणार नाही. यांपैकी कोणत्या भागाला हात लावावा, कोणत्या क्रमाने लावावा, आणि कोणती चूक अशी आहे की जी नंतर सुधारता येत नाही, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : मुलाम्याखाली

आपल्या शेवटच्या वाक्यातच निम्मे उत्तर आहे. फासलेला काळा रंग कधीही काढता येतो, पण पॉलिश करणाऱ्या बफिंगच्या चाकाखाली गेलेला ठोकीव क्रमांक परत येत नाही. तेव्हा ज्या कृतीतून माघार घेता येते ती आधी करावी आणि जिच्यातून घेता येत नाही ती शेवटी, तीही खरोखर गरज उरली तरच करावी.

फ्रेमपासून सुरुवात करू. रंगाखाली जी पिवळसर झाक दिसते आहे ती निकेलची असण्याची शक्यता मोठी आहे. क्रोमची झाक निळसर आणि थंड असते, निकेलची उबदार. त्या काळी बऱ्याच क्रोमोली फ्रेम्सवर वर क्रोम न देता नुसता निकेलचा मुलामा असे. मात्र ही परीक्षा भागाच्या कडेवर करू नये. शोभेच्या क्रोममध्ये क्रोमचा थर एका मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) निम्म्याहूनही पातळ असतो आणि त्याच्याखाली दहा ते तीस मायक्रॉनचे निकेल असते. कडांवरचे क्रोम घासून गेले की खालचे निकेल पिवळसर दिसू लागते आणि पाहणाऱ्याची फसगत होते. सीट क्लँपच्या खालची किंवा हेडसेटच्या (हँडलच्या बेअरिंगच्या) वाटीच्या आडची जागा पाहावी, कारण तिथे पृष्ठभाग झिजलेला नसतो.

जाता जाता एक खुलासा करतो, कारण हा गोंधळ वारंवार होतो. ‘क्रोमोली’ या नावाचा क्रोमच्या मुलाम्याशी संबंध नाही. ४१३० या पोलादात सुमारे एक टक्का क्रोमियम, थोडे मॉलिब्डेनम आणि ०.३० टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, म्हणून ते नाव पडले. एवढ्याशा क्रोमियमने पोलाद गंजायचे थांबत नाही. मुलामा फुटला की क्रोमोलीची नळी साध्या पोलादासारखीच गंजते.

निकेल आहे की क्रोम, हे ठरवणे केवळ हौशीपोटी नाही, कारण त्यावर साफ करण्याची पद्धत अवलंबून असते. क्रोम अत्यंत कठीण असते, त्यामुळे त्यावरचा गंज तेलात भिजवलेल्या अॅल्युमिनियमच्या पन्नीच्या बोळ्याने चोळून काढता येतो, ओरखडा पडत नाही. निकेल त्या मानाने बरेच मऊ आहे. त्यावर बारीकातली बारीक पोलादी लोकर चालवली तरी उजेडात रेघांचे जाळे दिसते, आणि खरखरीत पॉलिशने दर वेळी थोडा थर निघून जातो. निकेलच्या फ्रेमला मऊ कापड, सौम्य धातू-पॉलिश आणि वेळ या तीनच गोष्टी लावाव्यात.

काळा रंग काढण्यासाठी जेलसारखे दाट पेंट रिमूव्हर वापरावे, हातमोजे व मोकळी हवा सांभाळावी, आणि रंग मऊ झाल्यावर लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने तो उचलावा. वाळूचा मारा, पोलादी ब्रश आणि ग्राइंडर यांना फ्रेमच्या जवळही फिरकू देऊ नये. रंग निघत असताना डाउन ट्यूब व सीट ट्यूब (पुढची तिरपी व सीटखालची नळी) तिरप्या उजेडात पाहत राहा. मूळ स्टिकर जिथे चिकटलेले होते तिथे निकेल हवेपासून झाकले गेलेले असते, म्हणून स्टिकर गेल्यावरही त्याची सावली धातूवर कित्येकदा वाचता येते. ती दिसली तर शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या आणि पॉलिश त्यानंतरच करा, कारण पॉलिशने ही सावली पुसली जाते आणि तिच्यासोबत फ्रेमच्या ओळखीचा कदाचित शेवटचा पुरावाही जातो.

गंज सर्वांत जास्त बॉटम ब्रॅकेटच्या मागच्या कोपऱ्यात आणि हेड ट्यूबजवळच्या जोडपट्टीच्या बगलेत सापडेल, हे पाहण्यापूर्वीच सांगून ठेवतो. मुलामा देताना विद्युतप्रवाह बाहेरच्या कडांवर दाटतो आणि आतल्या कोपऱ्यांत क्षीण होतो, त्यामुळे कोपऱ्यांतला थर पहिल्या दिवसापासूनच पातळ असतो. तिथला गंज काढण्यासाठी ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण, लिटरला साधारण दहा ग्रॅम, वापरता येते. भाग काही तास बुडवावा, दर तासाला बाहेर काढून पाहावा, शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडा करावा. जास्त वेळ ठेवल्यास पृष्ठभागावर पिवळट साय धरते. हे आम्ल विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा अनिवार्य समजा. त्यात अॅल्युमिनियमचे भाग, जस्ताचा मुलामा असलेले नट-बोल्ट आणि स्टिकर असलेला कोणताही भाग बुडवू नका. नळ्यांच्या आत पाणी राहिले तर पुढचा गंज आतून येईल, म्हणून फ्रेम सुकवून आत पातळ गंजरोधक तेल फिरवा.

पावडर कोटिंगबद्दल माझे मत स्पष्ट आहे. त्याचा थर साठ ते शंभर मायक्रॉनचा असतो, ठोकलेला क्रमांक त्यात बुजतो, वेल्डिंगच्या लाटा गुळगुळीत होतात, आणि तो नीट धरावा म्हणून आधी पृष्ठभागावर मारा करून तो खरखरीत करावा लागतो, म्हणजेच शिल्लक असलेले निकेल हाताने नष्ट करावे लागते. ज्या फ्रेमवर मुळात निकेल आहे तिच्यासाठी हा उपाय मला पटत नाही.

उत्तर : डावे_आटे

फ्रेमविषयी वर जे लिहिले आहे त्याला माझी पूर्ण सहमती आहे. मी स्टेम व रिमा यांच्यापुरते लिहितो, कारण अॅनोडायझिंगबाबत ‘पुन्हा करून घ्या’ हे वाक्य जितक्या सहज उच्चारले जाते तितके ते काम सोपे नसते.

रंग धातूवर बसवला जातो. अॅनोडायझिंग मात्र धातूतूनच उगवते. भाग गंधकाम्लाच्या हौदात धन टोकाला जोडला की अॅल्युमिनियमचा वरचा थर ऑक्साइडमध्ये बदलतो. तयार झालेल्या जाडीचा सुमारे दोन तृतीयांश हिस्सा मूळ धातूच्या आत आणि एक तृतीयांश बाहेर असतो. या ऑक्साइडमध्ये अतिसूक्ष्म छिद्रे असतात, त्यांत रंगद्रव्य शिरते, आणि नंतर जवळजवळ उकळत्या पाण्यात छिद्रांची तोंडे बंद केली जातात. म्हणूनच फिकट झालेल्या भागाला नुसता रंगात बुडवून पूर्वीचा निळा आणता येत नाही, छिद्रे बंद झालेली असतात. जुना थर पूर्ण काढावा लागतो, आणि तो काढला की त्यात रूपांतरित झालेला धातूही कायमचा जातो.

शिवाय थर काढण्यासाठी सर्रास वापरला जाणारा कॉस्टिक सोडा ऑक्साइड संपल्यावर थांबत नाही, तो खालचे अॅल्युमिनियमही खात सुटतो. हलगर्जीपणा झाला की कोरीव अक्षरांच्या धारा बोथट होतात, आटे सैल होतात आणि हँडल धरणारे भोक मोठे होते. फॉस्फरिक व क्रोमिक आम्लांच्या मिश्रणात ऑक्साइड विरघळते आणि धातू जवळपास शाबूत राहतो, परंतु क्रोमिक आम्ल इतके विषारी आहे की ते काम सोयीसुविधा असलेल्या कारखान्यातच व्हावे.

स्टेमच्या बाबतीत सर्वांत आधी चुंबक हाती घ्या. काही स्टेमांचे वरचे अंग अॅल्युमिनियमचे आणि फोर्कच्या नळीत उतरणारी दांडी पोलादाची असते. दांडी निघत नसेल तर तो भाग हौदात टाकूच नये, कारण पोलाद आम्लात खाल्ले जाते आणि अॅल्युमिनियमवर थरही नीट धरत नाही. त्यानंतर मल्टिमीटरची दोन्ही टोके निळ्या पृष्ठभागावर हलकेच टेकवून पाहा. अॅनोडायझिंगचा थर वीज वाहू देत नाही, म्हणून काटा हलला नाही तर थर शाबूत आहे, आणि जिथे हलला तिथे तो झिजला आहे. अशा रीतीने रंग उडालेली जागा व थर उडालेली जागा वेगवेगळ्या ओळखता येतात. नुसता रंग फिका पडला असेल तर थर अजूनही आपले संरक्षणाचे काम करीत आहे, आणि त्याला हात न लावणेच शहाणपणाचे आहे.

हँडलची पकड उघडून आतली कड पाहिलीत तर मूळ निळा कसा होता तो आपल्याला दिसेल. तो रंग लिहून किंवा टिपून ठेवा. पुढे कधी नवे अॅनोडायझिंग करायचे ठरलेच, तर नमुन्याशिवाय कोणीही आपल्याला त्या काळचा निळा देऊ शकणार नाही. जो मिळेल तो आजचा निळा असेल, आणि जाणत्या नजरेला तो दहा पावलांवरून खटकेल.

रिमांचे उत्तर त्याहून सोपे आहे : करू नका. ब्रेक जिथे घासतो तिथला रंग पहिल्या काही उतारांतच पुन्हा जाईल. पोकळ रिमेच्या आत शिरलेले आम्ल कितीही धुतले तरी सांध्यातून पुढे महिनोन्महिने झिरपू शकते. आऱ्यांच्या भोकांना पोलादी आयलेट (कड्या) असतील तर ते आधी काढावे लागतात. त्यासाठी चाक पूर्ण उसवावे लागेल ते वेगळेच. लाल रंगद्रव्ये उन्हात लवकर फिकी पडतात, सोनेरी रंग त्या मानाने टिकतो, कारण तो पुष्कळदा लोहाच्या क्षारापासून आलेला असतो, सेंद्रिय रंगद्रव्यापासून नव्हे. आपला गुलाबी झालेला लाल रंग हा त्या रिमांचा स्वाभाविक वार्धक्याचा रंग आहे, आणि मला तो सुंदर वाटतो. हे अर्थातच वैयक्तिक मत झाले.

उत्तर : उडीनंतर

दोन्ही सभासदांचा अभ्यास दांडगा आहे, तरी मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. बीएमएक्सचा जन्म दक्षिण कॅलिफोर्नियात, १९६० च्या दशकाच्या अखेरीस व १९७० च्या दशकाच्या प्रारंभी, मोटोक्रॉसची, म्हणजे मोटारसायकलींच्या मातीतल्या शर्यतीची, नक्कल करणाऱ्या मुलांच्या हाती झाला. १९६३ साली आलेली श्विन कंपनीची स्टिंग-रे ही सायकल त्यांनी मातीत घातली, मोडली, पुन्हा वेल्ड केली आणि वाटेल त्या रंगात रंगवली. त्या पोरांपैकी कोणीही मल्टिमीटर लावून स्टेम तपासले नसेल. जी वस्तू आपटण्यासाठीच बनवली गेली तिला काचेच्या कपाटातील मूर्तीसारखे जपणे, हा तिच्या स्वभावाशी विसंगत आग्रह आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

त्यातही फोर्कचा मुद्दा निराळा आहे. गंजाचे ठिपके म्हणजे मुलाम्याखाली पोलाद खाल्ले जात असल्याची खूण आहे, आणि आपण ही सायकल चालवणार आहात. फोर्क हा असा भाग आहे की, तो मोडला तर चालवणारा तोंडावर आपटतो. त्याला नव्याने क्रोम करून घेण्यात मला काही गैर दिसत नाही. मी स्वतः दोन फोर्क करून घेतले आणि ते उत्तम दिसतात. पहिल्या वेळी मात्र मुलामा देणाऱ्याने बफिंगच्या चाकावर इतके घासले की, ड्रॉपआउटवरचा (चाकाचा आस बसतो त्या खाचेच्या पट्टीवरचा) ठसा निम्मा नाहीसा झाला. ती चूक मी काम देताना काहीच न सांगितल्याने झाली होती.

उत्तर : मुलाम्याखाली

उडीनंतर यांचा ऐतिहासिक मुद्दा मला मान्य आहे, आणि तो एका परीने माझ्याच बाजूचा आहे. त्या काळचा मुलामा गुळगुळीत आरशासारखा नसायचा. नळीवरच्या घासणीच्या रेघा निकेलमधून दिसत, वेल्डिंगची खवले-खवले नक्षी दिसे, कोपऱ्यांत तो मळकट असे. आज तांबे, निकेल आणि क्रोम असे तीन थर देऊन, प्रत्येक थर घासून, जे तयार होते ते मोटारीच्या बंपरसारखे चमकते. तेव्हा मातीत धावलेल्या सायकलीला जपू नये असे म्हणणाऱ्याने तिला बंपरही करू नये.

फोर्कच्या सुरक्षिततेविषयी मात्र त्यांच्या युक्तिवादाची दिशा मला उलटी वाटते. नव्या क्रोमने फोर्क मजबूत होत नाही. गंजाने पडलेले खड्डे मुलामा देण्यापूर्वी एक तर घासून काढावे लागतात, म्हणजे नळीची भिंत पातळ होते, नाही तर तांब्याने भरावे लागतात, म्हणजे ते झाकले जातात. दोन्ही वेळा पोलाद आहे तेवढेच राहते किंवा कमी होते. एखादी बारीक भेग असेल तर तीही त्या थराखाली लपते आणि पुढे कोणाला दिसत नाही.

याखेरीज हायड्रोजनचा प्रश्न आहे. मुलाम्यापूर्वीच्या आम्लस्नानात आणि विशेषतः क्रोमच्या हौदात पोलादाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन मोठ्या प्रमाणात सुटतो. क्रोमच्या हौदातील विजेचा फारच थोडा अंश क्रोम बसवण्यात खर्ची पडतो, उरलेल्यातून मुख्यतः हायड्रोजन निघतो. त्यातील काही अणू धातूत शिरतात आणि कठीण पोलादाला ठिसूळ करतात. असा भाग बाहेरून निर्दोष दिसतो आणि काही दिवसांनी, साध्या भाराखाली, काडीसारखा तुटू शकतो. साध्या क्रोमोली नळीची ताणशक्ती सहाशे-सातशे मेगापास्कलच्या आसपास असते, तिला हा धोका कमी आहे. साधारण एक हजार मेगापास्कलच्या वरच्या पोलादाला तो खरा आहे. म्हणजे उष्णतेचे संस्कार केलेले क्रँक, आस, पेडलच्या दांड्या, उच्च प्रतीचे बोल्ट आणि ब्रेकच्या स्प्रिंगा. या वस्तूंना कोणी नवा मुलामा देत असेल, तर लगेच पुढच्या काही तासांत १९० ते २२० अंश सेल्सिअसला त्या कित्येक तास भाजून हायड्रोजन बाहेर काढणे आवश्यक असते. ‘भाजता का?’ या प्रश्नावर जो मुलामा देणारा गोंधळलेल्या नजरेने पाहील, त्याच्याकडे पोकळ नळीचे क्रोमोली क्रँक देऊ नयेत, मग ते रेडलाइन कंपनीचे असोत की आणखी कोणाचे.

फोर्कसाठी माझा सल्ला असा : आधी पन्नी व तेलाने गंज काढा, चांगला धुऊन कोरडा करा आणि आठवडाभर तसाच ठेवा. ठिपके परत आले तर ते मुलाम्यातील छिद्रांमुळे आहेत, मेण लावून वापरता येईल. मात्र गंज ठिपक्यांऐवजी सलग रेषेत परत आला, त्यातही वेल्डिंगच्या कडेला आला, तर ती भेग असू शकते. अशा वेळी भेदक रंगद्रव्याची चाचणी करावी. लाल द्रव लावून ठरावीक वेळ मुरू द्यायचा, पुसायचा, वर पांढरी पूड फवारायची. भेग असेल तर लाल रेघ वर येते. ही चाचणी नवा मुलामा देण्यापूर्वीच उपयोगी पडते.

प्रश्नकर्ता : वीस_इंची

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांत जे घडले ते कळवतो.

काळ्या रंगाखाली संपूर्ण निकेल निघाले. बॉटम ब्रॅकेटच्या मागचा कोपरा, भाकीत केल्याप्रमाणे, लालसर झालेला होता. ऑक्झॅलिकच्या द्रावणात चार तासांत तो गंज सुटला, पण तेवढ्या जागेत निकेल उरलेले नाही, करडे पोलाद दिसते. डाउन ट्यूबवर खरोखरच मोठ्या स्टिकरची सावली आहे. शेवटची तीन अक्षरे वाचता येतात, सुरुवातीची येत नाहीत. मोजपट्टीसह छायाचित्रे घेतली आहेत आणि त्या पट्ट्यात पॉलिश लावलेले नाही.

स्टेमवर मल्टिमीटरचा काटा वरच्या व बाजूच्या पृष्ठभागांवर कुठेच हलला नाही, फक्त हँडल धरणाऱ्या भोकात हलला. पकडीच्या आत गडद, जवळजवळ शाईसारखा निळा आहे. तो पाहिल्यावर पाच मिनिटे नवे अॅनोडायझिंग करून घेण्याचा मोह झाला हे मान्य करतो. दांडी चुंबकाला चिकटली आणि ती दाबून बसवलेली असल्याने निघत नाही, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला.

आता दोन शंका आहेत. निकेल गेलेल्या जागेचे काय करावे, आणि पिवळ्या पडलेल्या टफ व्हील्सबाबत अजून कोणी काही लिहिले नाही.

उत्तर : डावे_आटे

टफ व्हील्स काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या आहेत. नायलॉन पाणी शोषते आणि त्यासोबत कापडाचा रंगही शोषते, म्हणून कित्येक जण त्या गरम रंगपाण्यात बुडवून काळ्या, निळ्या वा लाल करतात आणि ते छान जमते. मात्र हा रस्ता एकेरी आहे. आत मुरलेला रंग पुन्हा निघत नाही, फिक्याकडून गडदाकडे जाता येते, उलटे नाही. आपल्याला पांढऱ्याच हव्या असतील तर साबणपाणी व मऊ ब्रश यांवर समाधान मानावे. पेंट रिमूव्हर किंवा तत्सम द्रावक त्यांच्या आसपास नेऊ नये. हबजवळच्या आऱ्यांच्या मुळाशी भेगा आहेत का, ते मात्र चाक वाकवून जरूर पाहावे. पिवळेपणा वयाचा आहे, त्याने चालवण्यात काही बिघडत नाही.

उत्तर : मुलाम्याखाली

उघड्या पडलेल्या जागेपुरते ब्रशने निकेल चढवण्याची पद्धत आहे. धन टोकाला निकेल, त्याला द्रावणात भिजवलेले कापड गुंडाळलेले, आणि तेच जागेवर फिरवायचे. पण लहान जागेवरचा असा थर पातळ बसतो आणि शेजारच्या जुन्या निकेलपेक्षा उजळ दिसतो, ठिगळ लगेच ओळखू येते. ती जागा क्रँकच्या मागे असल्याने मी तिथे फक्त मेण लावले असते आणि दर पावसाळ्याआधी पुन्हा लावले असते. चंदेरी रंगाचा हात फिरवू नका, त्याच्याखाली गंज नजरेआड वाढतो.

फोर्कचे काय झाले, ते आपण लिहिले नाही.

प्रश्नकर्ता : वीस_इंची

फोर्कबद्दल लिहायचे टाळत होतो, कारण खात्री होईपर्यंत बोलायचे नव्हते. पन्नीने चोळल्यावर तो इतका सुंदर निघाला की, क्रोम करण्याचा विचारच मागे पडला. आठवडाभर ठेवल्यावर पुढच्या अंगाचे ठिपके परत आले नाहीत, परंतु डाव्या ड्रॉपआउटच्या वेल्डिंगला लागून साधारण एक सेंटिमीटर लांबीची, केसासारखी तपकिरी रेघ आली. पुसली, चार दिवसांनी पुन्हा त्याच जागी आली. चाचणीत त्या रेघेवर लाल रंग उमटला आणि तिचे एक टोक नळीच्या अंगात शिरलेले दिसले.

उडीनंतर यांच्या सल्ल्याप्रमाणे तो थेट मुलाम्याला दिला असता तर ती रेघ आता तांब्याखाली असती. त्यांचा हेतू चांगला होता, याविषयी शंका नाही. फोर्ककडे लक्ष वेधणारे तेच पहिले होते. ड्रॉपआउटवरचा ठसा पूर्ण शाबूत आहे, म्हणून फोर्क वेल्ड न करता, मेण लावून आणि ‘भेग आहे, बसवू नये’ अशी चिठ्ठी बांधून ठेवला आहे. सायकलीसाठी त्याच मापाचा दुसरा फोर्क शोधतो आहे, त्याचे क्रोम उडालेले असले तरी चालेल. गुलाबी रिमा नव्या आऱ्यांवर ताणून झाल्या आहेत.

उत्तर : उडीनंतर

माझ्याकडच्या क्रोम करून घेतलेल्या दोन्ही फोर्कांच्या वेल्डिंगची जागा आज भिंगाखाली पाहिली. काही दिसले नाही. पण आता दिसणारही नाही, हे लक्षात आले. त्यांतला जो मी चालवतो तो उतरवून ठेवला आहे आणि क्रोम काढून घेता येईल का, याची चौकशी करतो आहे.

उत्तर : मुलाम्याखाली

काढता येते, पण घरी करू नका. वरचे क्रोम मिठाच्या आम्लात सहज विरघळते, अथवा कॉस्टिकच्या हौदात उलट्या प्रवाहाने निघते. दुसऱ्या पद्धतीत विषारी षट्संयुजी क्रोमियम तयार होते आणि ते सांडपाण्यात सोडता येत नाही. त्यानंतर निकेल व तांबे वेगळे काढावे लागतात. कारखान्याला काम देताना स्पष्ट सांगा की, फक्त थर काढायचे आहेत, बफिंगच्या चाकावर घासायचे नाही. काम झाल्यावर फोर्क लगेच तेलात बुडवून आणा, उघडे क्रोमोली एका दमट रात्रीत लाल होते.